घरातल्या जुन्या सनदा, पदव्यांची फर्मानं, वकीलपत्रं: यांचं नेमकं करायचं काय?

कृष्णाकाठ (धागाकर्ता)
वाईचं मामांचं घर आवरायला काढलंय. भांडीकुंडी झाली, कपाटं झाली, आता दोन कागदांवर गाडी अडलीये. पहिला फ्रेममधला, वर राजचिन्ह, छापील इंग्रजी मजकूर, मध्ये मामांच्या आजोबांचं नाव हाताने भरलेलं. मजकूर म्हणजे एकच वाक्य, की रावबहादूर ही पदवी तुम्हाला वैयक्तिक सन्मान म्हणून देत आहे, आणि खाली व्हाइसरॉयची सही. साल १९१९. दुसरा कागद मोडीत, हातभर लांब, घड्या पडून चिरलेला, वरती गोल शिक्का, शेवटी एक छोटा शिक्का, मागे दोन-चार ओळी खरडलेल्या. मामेभाऊ म्हणतो फ्रेमवाला विकू, चांगले पैसे येतील, मोडीतला कुठल्यातरी जमिनीचा असेल, टाकून दे. मला ते काही पटत नाहीये पण उलट बोलायला माहिती पण नाही. अशा पदव्या देणाऱ्या, वकील नेमणाऱ्या जुन्या कागदांबद्दल कोणाला काही ठाऊक असेल तर लिहा, घाईत नाही, लांब लिहिलंत तरी वाचीन.

खडूस
रावबहादूर गल्लोगल्ली होते हो. फ्रेम सागवानी असेल तर फ्रेमचे पैसे येतील.

मोडीवाली मुक्ता
खडूसराव, गप्प बसा जरा.
कृष्णाकाठ, मोडीतला कागद टाकू नका, हात जोडते. आधी मागची बाजू बघा. लोक पुढचाच फोटो टाकतात कारण शिक्का तिकडे असतो, पण पेशव्यांच्या सरकारात कागद पुरा झाला की नाही ते पाठीवर कळतं. 'सुरू सूद', 'बार', 'रुजू' असे शेरे असतात, म्हणजे कागद दफ्तरातून निघाला, नोंदला, ताडून बघितला. कागद लांब असेल तर तो एक ताव नसणार, दोन-तीन तुकडे खळीने जोडलेले असतात आणि जोडावर मागून शिक्का मारलेला असतो, म्हणजे मधला तुकडा कोणी बदलला तर शिक्का जुळणार नाही. पुढचा गोल शिक्का 'श्री राजा शाहू नरपति हर्षनिधान, अमुक अमुक मुख्य प्रधान' या धर्तीचा आहे का बघा, आणि शेवटच्या छोट्यात 'लेखनसीमा' दिसतंय का. तो मोर्तब, म्हणजे मजकूर इथे संपला असं सांगणारा शिक्का. मोर्तबाच्या खाली एखादी ओळ वाढवलेली दिसली तर संशय घ्यायचा.
सनाचे शब्द जसे दिसतात तसे इथे टाइप करा, मी लावून देते.

कृष्णाकाठ
लेखनसीमा आहे! मागे तीन शेरे आहेत, एक 'रुजू' वाटतोय, बाकी कळत नाहीत. एक जोड आहे आणि जोडावर अर्धवट शिक्का. सनाच्या जागी 'सलास तिसैन मया व अलफ' असं काहीतरी, मामींच्या माहेरच्या एका काकांना थोडं मोडी येतं त्यांनी वाचलं.

मोडीवाली मुक्ता
काकांना नमस्कार सांगा. सलास म्हणजे तीन, तिसैन नव्वद, मया शंभर, अलफ हजार, झालं ११९३. हा सुहूर सन, म्हणजे पेशवाईच्या कागदांतली कालगणना, यात ५९९ मिळवले की सुरुवातीचं इंग्रजी साल येतं, म्हणजे १७९२. वर्ष मृगापासून धरायचं, म्हणून जून १७९२ ते जून १७९३. सवाई माधवरावांचा काळ. मजकुरातले ठळक शब्द पाठवा.

नानांचा कारकून
जून १७९२ म्हटल्यावर मला राहवत नाहीये. पदवी देणाऱ्या कागदांचा पुण्यात झालेला सगळ्यात मोठा सोहळा त्याच महिन्यातला. महादजी शिंदे जूनच्या दुसऱ्या आठवड्यात उत्तरेतून पुण्यात आले ते बादशाह शाह आलमची फर्मानं घेऊन, पेशव्यांना 'वकील-इ-मुतलक' म्हणजे बादशाहीचा सर्वाधिकारी मुखत्यार नेमल्याची. हे पद पहिल्यांदा १७८४ च्या अखेरीस मिळालं होतं, या खेपेला ते वंशपरंपरा केलं होतं आणि पेशव्यांचे नायब म्हणजे दुय्यम म्हणून शिंद्यांचं घराणं, ते पण वंशपरंपरा. म्हणजे मान पुण्याचा, कारभार पाटीलबावांचा, म्हणजे महादजींचा.
२२ जूनला समारंभ झाला. शिंद्यांच्या छावणीजवळ भलेमोठे तंबू ठोकले, आत टोकाला बादशाहाचं म्हणून एक रिकामं सिंहासन, त्यावर फर्मान आणि खिलत म्हणजे मानाची वस्त्रं-दागिने मांडलेली. पेशवा तेव्हा १८ वर्षांचा. त्याने सिंहासनापुढे तीनदा मुजरा केला, १०१ मोहरांची नजर ठेवली आणि डाव्या बाजूला बसला. मग शिंद्यांच्या फारसी मुनशीने फर्मानं वाचली, त्यात एक गोवधबंदीचं पण होतं. नंतर खिलत: नऊ वस्त्रं, पाच जडावाचे दागिने, ढाल-तलवार, शिक्का, कलमदान आणि दौत, मोर्चेलं, नालखी, पालखी, घोडा, सहा हत्ती, आणि मग निशाणं, चंद्र, तारे, सूर्य, मासा म्हणजे माहीमरातब. यात शिक्का, कलमदान आणि दौत ही खरी पदाची चिन्हं, कारण वकील-इ-मुतलकाने बादशाहाच्या वतीने सही-शिक्का करायचा. बाकी सगळी मिरवणूक.
आणि गंमत अशी की याला नाना फडणवीसांचा विरोध होता. आपला धनी साताऱ्याचा छत्रपती, त्याची वस्त्रं घेऊन पेशवा झालेला माणूस दिल्लीच्या पदव्या कशा घेईल? त्यात 'महाराजाधिराज' असले किताब तर त्यांना अजिबात नको होते. शेवटी साताऱ्याहून परवानगी आणवली तेव्हा सोहळा झाला.

खडूस
थांबा थांबा. १७८८ मध्ये गुलाम कादिरने शाह आलमचे डोळे काढले, त्याला परत गादीवर बसवला महादजींनी, त्याची तनखा कोणाच्या हातात तर महादजींच्या. म्हणजे नोकराने मालकाचा पगार करायचा आणि मालकाकडूनच बढतीचं पत्र लिहून घ्यायचं. आणि त्यासाठी सहा हत्ती!

नानांचा कारकून
बरोबर, पण तरी कागद हवा होता ना? का हवा होता ते बघा. १७१९ ला बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून चौथाई, सरदेशमुखी आणि स्वराज्याच्या सनदा घेऊन आले. मराठे दख्खनच्या सहा सुभ्यांत चौथाई आधीपासून वसूल करतच होते. सनद आल्याने घोड्यावरचा माणूस तोच राहिला, पण समोरचा कमाविसदार म्हणजे वसुली अधिकारी किंवा जमीनदार भांडायला उभा राहिला तर आता त्याच्यापुढे कागद टाकता येत होता. उत्तरेत महादजींना तेच हवं होतं. राजपूत राजे मराठा सरदाराला खंडणी देताना कुरकुरायचे, बादशाहाच्या नायबाला देताना निदान तोंड राखलं जायचं.
अर्थात नानांना हे सगळं कळत होतं म्हणूनच त्यांना ते नको होतं. माझं मत नानांच्या बाजूचं आहे, आयडीवरून कळलंच असेल.

सातारकर
नाना नाना काय लावलंय. महादजींनी उत्तर सांभाळली म्हणून पुण्यात बसून कारभार करता आला. तो पेशव्यांच्या जोड्यांचा प्रसंग सगळे विसरतात. एवढा मोठा सरदार, दरबारात मानकऱ्यांच्या खालच्या बाजूला जाऊन बसला, बगलेतून नवे जोडे काढून पेशव्यांपुढे ठेवले, आमच्या वडिलांचं काम हेच म्हणाला.

खडूस
आणि दुसऱ्या बगलेत वंशपरंपरा नायबीचं फर्मान.

सातारकर
😂 बरं, हे मान्य.

पेडणेचो
फर्मानावरनं आठवलं. आमच्या पेडण्यात देशप्रभूंचा वाडा आहे, त्या घराण्याला पोर्तुगालच्या राजाने 'व्हिस्कौंट ऑफ पेडणे' केलेलं. हिंदू घराणं, देवघर, तुळशीवृंदावन सगळं आणि वर युरोपातला सरदारी किताब. लहानपणी आम्हाला वाटायचं व्हिस्कौंट हे आडनाव आहे. १९१० ला पोर्तुगालात राजेशाही गेली, नव्या प्रजासत्ताकाने सरदारकीच्या पदव्या बाद केल्या, पण गावात कोण ऐकतो. पुढे १९६१ ला पोर्तुगीज स्वतःच गेले, तरी गावातली म्हातारी माणसं व्हिस्कौंटच म्हणायची.

थेम्सकाठचा पुणेकर
युरोपी पदव्यांच्या कागदाबद्दल थोडं. इथे ब्रिटिश लॉर्ड करायचा तर 'लेटर्स पेटंट' निघतं, पूर्वी चर्मपत्रावर, सुंदर अक्षर, आणि खाली दोरीने लोंबणारा मेणाचा मोठा राजशिक्का, हाताच्या तळव्याएवढा. ते मेण फुटतं म्हणून त्याला डबी केलेली असते. पण खरी मेख मजकुरात असते, ही पदवी पुढे कोणाकडे जाणार त्या कलमात. उदाहरण आपल्याकडचंच आहे. १९१९ मध्ये सत्येंद्र प्रसन्न सिन्हा बॅरन झाले, बंगालमधल्या रायपूरचे, वंशपरंपरागत पदवी मिळालेले पहिले हिंदी लॉर्ड. ते वारल्यावर मुलाने हक्क सांगितला तर प्रश्न निघाला, की पदवी औरस मुलग्याला जाते, आणि हिंदू विवाहात तेव्हा दुसरी बायको करायला मुभा होती, मग असलं लग्न इंग्लिश कायद्याच्या दृष्टीने धरायचं का? खल होत होत १९३९ मध्ये मुलाचा हक्क मान्य झाला. कागदात एक शब्द, दहा-अकरा वर्षं घोळ.
मुंबईचं उदाहरण तर अजून भारी. जमशेटजी जीजीभाई १८५७ मध्ये बॅरोनेट झाले, म्हणजे वंशपरंपरेने 'सर', हा मान मिळालेले पहिले हिंदी. पदवी एकाच नावाने चालावी म्हणून १८६० मध्ये खास कायदा केला, की गादीवर येणारा प्रत्येक वारस जमशेटजी जीजीभाई हेच नाव घेईल. माणूस कोणीही असो, नाव तेच.

खडूस
तरीच जे.जे. म्हटलं की कुठले जे.जे. ते कोणी विचारत नाही.

कृष्णाकाठ
हे सगळं भन्नाट आहे. वकील नेमायच्या कागदांबद्दल पण कोणीतरी लिहा ना, म्हणजे आजचे राजदूत देतात तसलं काही आपल्याकडे होतं का?

नानांचा कारकून
होतं की. पेशव्यांचे वकील सगळीकडे होते, दिल्लीला हिंगणे, निजामाकडे गोविंदराव काळे. वकिलाबरोबर पत्र जायचं ते थैलीतून, त्याला खरीता म्हणायचं. आतली पिशवी मलमलची, बाहेरची किनखापाची, तोंड दोऱ्याने आवळलेलं आणि दोऱ्याला लाखेचा शिक्का. पत्राचा मजकूर बहुतेक वेळा चार ओळींचा, की अमुक माणूस आमचा, तो बोलेल ते खरं मानावं. खरं काम तोंडी. पण मायन्यावरून मात्र मारामाऱ्या. कोणाला 'श्रीमंत', कोणाला 'अखंडित लक्ष्मी अलंकृत राजमान्य राजश्री', कोणाला नुसतं 'राजश्री', हे ठरलेलं असायचं, आणि एक पायरी खाली उतरवली तर पत्र परत. चिटणिसाला तिथेच पगार मिळायचा असं म्हटलं तरी चालेल.
उलट बाजूचं उदाहरण मॅलेट. ईस्ट इंडिया कंपनीने चार्ल्स मॅलेटला पुण्याचा रेसिडेंट, म्हणजे दरबारातला आपला वकील, नेमला तर तो मुंबईहून सरळ घाट चढून आला नाही, आधी उत्तरेत महादजींच्या छावणीत जाऊन आला. कारण इंग्रजांशी बोलणं आपल्यामार्फत व्हावं असा शिंद्यांचा आग्रह होता, पुण्यात वेगळा रेसिडेंट कशाला? १७८६ मध्ये तो पुण्यात आला. कंपनीचं नेमणुकीचं पत्र खिशात असून सुद्धा पुण्याचा रस्ता महादजींच्या छावणीतून.

थेम्सकाठचा पुणेकर
मॅलेटचा तो दरबार इथे टेटच्या संग्रहात आहे, थॉमस डॅनियलने काढलेलं मोठं चित्र, १७९० च्या टिपूविरुद्धच्या तहाचा प्रसंग. सवाई माधवराव मध्ये, शेजारी नाना.
आणि वकीलपत्र हातात असून उपयोग नाही याचं सगळ्यात वाईट उदाहरण लंडनमधलंच आहे, रंगो बापूजी. १८३९ मध्ये इंग्रजांनी साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांना पदच्युत केलं, त्यांची बाजू मांडायला हा माणूस इथे आला आणि १८५३ पर्यंत राहिला. महाराजांनी दिलेला अधिकार होता, पण कंपनीच्या डायरेक्टरांनी वकील म्हणून मान्यताच दिली नाही. महाराज मधेच १८४७ ला वारले, पुढच्या वर्षी संस्थानच खालसा केलं, तरी हा अर्ज करतोय, सभांमधून भाषणं करतोय, पत्रकं छापतोय. ज्याच्याकडे नेमलं त्यानेच दार उघडलं नाही तर वकीलपत्र घेऊन जाणार कुठे?

सातारकर
आणि इथे परत आल्यावर १८५७ च्या धामधुमीत त्यांचं नाव आलं, ते निसटले ते कधी सापडलेच नाहीत. मुलाला मात्र साताऱ्यात फाशी दिलं.

कृष्णाकाठ
हे माहीतच नव्हतं. वाईत राहून साताऱ्याचा इतिहास लंडनहून कळतोय.
मुक्ताताई, काकांनी अजून वाचलं. 'अबदागीर', 'दिवट्या', 'तैनात', 'दरमाहे रुपये' आणि मग आकडे आहेत, एका कसब्याचं नाव आणि 'ऐवजी पावते करीत जाणे' असं काहीतरी.

मोडीवाली मुक्ता
अहो मग हीच तुमच्या घरातली खरी सरदारकी! अबदागिरीचा मान दिलाय. अबदागीर म्हणजे उन्हासाठी डोक्याशी धरायची ती उभी नक्षीदार छत्री, ती आपल्या मनाने धरता यायची नाही, सरकारातून मिळावी लागायची. पालखी, अबदागीर, मशाल हे सगळे पायरीपायरीचे मान. आणि नुसतं 'तुम्हाला मान दिला' असं म्हणून थांबत नाहीत, ती छत्री धरणाऱ्याचा पगार किती, दिवटीच्या तेलाचा खर्च किती, आणि तो कुठल्या महालाच्या वसुलातून मिळणार, हे त्याच कागदात लिहितात. 'ऐवजी पावते करीत जाणे' हा हुकूम त्या महालाच्या कमाविसदाराला आहे. मला पेशवाईचे कागद आवडतात ते याच्यामुळे. दिल्लीचं फर्मान सोनेरी शिंतोड्यांच्या कागदावर, वर तुघरा म्हणजे बादशाहाच्या नावाची नक्षीदार मुद्रा, किताब चार ओळी लांब, पण पैसे कोण देणार ते शोधत बसा. पुण्याचा कागद रुक्ष, जुन्नरी कागद, काजळाची शाई, पण छत्रीवाल्याचा पगार लिहिलेला.

खडूस
आणि रावबहादुराला काय मिळायचं?

नानांचा कारकून
सनद आणि १९११ पासून गळ्यात घालायचा एक बिल्ला. बाकी शून्य. 'वैयक्तिक सन्मान' म्हणजे मुलाला पण काही नाही. उलट पदवी मिळावी म्हणून वर्षानुवर्षं लोकलबोर्डात राबा, युद्धफंडाला वर्गणी द्या, कलेक्टरसाहेबाला पानसुपारी करा. मात्र सगळेच तसे नव्हते हेही लिहायला हवं, न्यायमूर्ती रानडे रावबहादूर होते, लोकहितवादी होते, जुने कागद जमवण्यात हयात घालवलेले पारसनीस होते. रियासतकार सरदेसाई तर रावबहादूर आणि १९५७ चे पद्मभूषण, म्हणजे एकाच घरात व्हाइसरॉयची पण सनद आणि राष्ट्रपतींची पण.

वकीलसाहेब
त्यावर एक पुरवणी. घटनेच्या कलम १८ ने राज्याला पदव्या द्यायला बंदी केली, लष्करी आणि शैक्षणिक सोडून. मग पद्म पुरस्कार कसे, म्हणून सुप्रीम कोर्टात प्रकरण गेलं, १९९५ मध्ये निकाल लागला, की हे पुरस्कार आहेत, पदव्या नाहीत, फक्त ते नावाच्या मागेपुढे लावायचे नाहीत. देताना आजही राष्ट्रपतींच्या सही-शिक्क्याची सनदच देतात, आणि पदक.
धागाकर्त्याच्या कामाचं: १९७२ चा पुरावशेष कायदा वाचा. साधारण शंभर वर्षं जुनी वस्तू पुरावशेष, पण ऐतिहासिक मोलाच्या हस्तलिखित-दस्तऐवजाला ७५ वर्षं पुरतात. म्हणजे तुमचे दोन्ही कागद त्यात येऊ शकतात. असा कागद देशाबाहेर पाठवता येत नाही, परदेशातला कोणी ऑनलाइन भाव देत असेल तर भावाला सांगा नाद सोड. आणि पुरावशेषांचा धंदा करणाऱ्याला लायसन्स लागतं, भंगारवाल्याला विकून मोकळं व्हायचं नाही.

कागदवैद्य
जतनाचं काम करते म्हणून लिहिते. घड्यांवर चिकटपट्टी लावू नका आणि कृपा करून लॅमिनेशन करू नका, ते परत निघत नाही. मोडीतल्या काजळाच्या शाईला उजेडाने काही होत नाही, पण पाणी लागलं तर पसरते, त्यामुळे ओल्या फडक्याने पुसणं एकदम बंद. फ्रेमवाल्याचं उलटं आहे, हाताने भरलेलं नाव आणि सही उन्हाने उडते, भिंतीवरून काढा. काचेला कागद चिकटलाय का बघा, चिकटला असेल तर ओढू नका. मागचा पुठ्ठा पिवळा पडला असेल तर तोच कागद खातोय, आम्लविरहित पुठ्ठा घाला.

कृष्णाकाठ
काच नाही चिकटली, पुठ्ठा मात्र तांबूस झालाय. मामेभावाला धागा पाठवला. आता त्याला मोडीतला हवाय.

खडूस
छत्रीवाल्याची थकबाकी मागेल तो, सांभाळा.

मोडीवाली मुक्ता
थकबाकीचं हसण्यावारी नेऊ नका, तो खरंच पुढचा धागा आहे. १८१८ नंतर इंग्रजांनी आणि मग १८५२ पासून इनाम कमिशनने असे हक्क तपासायला घेतले, काही चालू ठेवले, काही बंद केले, बनावट सनदा पण पुष्कळ पुढे आल्या. पुण्याच्या पेशवे दफ्तरात तुमच्या घराण्याची नोंद सापडली तर तुमच्या कागदाच्या पाठीवरच्या शेऱ्याला जोड मिळेल, आणि मग तो खरा की बनावट यावर कोणी वाद घालणार नाही. जाताना मूळ कागद नेऊ नका, फोटो न्या. फोटो काढताना फ्लॅश नको, खिडकीपाशी आडव्या उजेडात काढा म्हणजे शिक्क्याची अक्षरं उठून दिसतात, शेजारी पट्टी ठेवा, आणि पाठीचा वेगळा, जोडाचा जवळून वेगळा. कसब्याचं नाव मला व्यनि करा, इथे नको.